मद्यत्याग व त्याचें अनुवर्तन : हरसूल टापूच्या निमित्तानें

या त्रैमासिकाच्या पानांत सनदा, महजर, वंशावळी व शिलालेख यांना मान असतो. दारू सोडलेल्या माणसांचा इतिहास येथें येण्याचा प्रघात नाहीं. तथापि हरसूल येथें राहून आजूबाजूच्या पाड्यांतून जुने कागद धुंडाळीत असतां आम्हांस एक गोष्ट वारंवार जाणवली. मद्य कोठें गाळलें, कोणीं विकलें, मक्ता किती चढला, पिणारास काय दंड झाला, याविषयींचे कागद कोठें ना कोठें सांपडतात. परंतु ज्यानें तें सोडलें तो पुढें कसा राहिला, त्यास कोणीं सांभाळलें, हें विचारूं गेल्यास दप्तरें मुकीं होतात. सोडणें आणि सुटून राहणें हीं दोन निराळीं कार्यें आहेत व इतिहासानें बहुधा पहिल्याचीच नोंद ठेविली, असें आमचें मत झालें आहे. त्या मताचीं कारणें देण्यासाठीं हा लेख. त्यास एक खाजगी कारणही आहे. तें ओघानें येईल.

प्रथम वैद्यकाकडे वळूं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील चोविसावा अध्याय मदात्ययाचा होय. चिकित्सास्थानाचे सतरा अध्याय दृढबलानें पुरे केले हें अभ्यासकांस विदितच आहे. चक्रपाणिदत्ताच्या गणनेप्रमाणें मदात्ययाचा अध्याय त्या सतरांत नसून मूळच्या तेरांपैकीं आहे, म्हणजे विषय जुन्या थरांतला ठरतो. अध्यायाचा आरंभ सुरेच्या स्तुतीनें होतो. (आमच्या एका सोवळ्या स्नेह्यांनीं तेवढें वाचूनच पोथी मिटली होती. ती आणखी कांहीं पानें उघडी ठेविली असती तर बरें झालें असतें.) कारण अध्यायाच्या उत्तरार्धांत ग्रंथकार दोन विकारांचीं नांवें देतो : ध्वंसक व विक्षय. ज्याचें मद्य मध्यंतरीं तुटलें आहे, असा मनुष्य एकाएकीं पुन्हां अतिशय पितो, त्यास हे होतात. ध्वंसकांत कफाचा स्राव, कंठ व मुख कोरडें पडणें, शब्द सहन न होणें, झांपड. विक्षयांत हृदय व कंठ यांची पीडा, मोह, वांती, अंगदुखी, ज्वर, तहान, खोकला, मस्तकशूळ. आधींच्या व्याधीनें देह झिजलेला असल्यामुळें हे दोन्ही विकार बरे करण्यास फार कठीण, असेंही तो बजावतो.

हें स्थळ आम्हीं विद्यार्थिदशेंत वाचलें होतें आणि पुढें वाऱ्यावर सोडलें होतें. आज त्याचें महत्त्व निराळें वाटतें. मद्य सोडून पुन्हां त्याकडे गेलेल्या माणसास ग्रंथकार व्रतभ्रष्ट म्हणत नाहीं, निर्लज्जही म्हणत नाहीं. तो त्याच्या अवस्थेस नांव देतो, लक्षणें सांगतो आणि वातज मदात्ययावरील उपचार त्याला करावे असें लिहितो. पुन्हां पडणें हा रोगाच्या मार्गांतलाच एक टप्पा आहे, ही समजूत येथें स्पष्ट दिसते.

याच संहितेच्या सूत्रस्थानांत, सातव्या अध्यायांत, अंगवळणीं पडलेलें अहितकर सेवन कसें सोडावें याचा क्रम दिला आहे. एकदम नव्हे, तर चतुर्थांशाचतुर्थांशानें तें कमी करावें व त्या जागीं हितकर तें त्याच मापानें घालावें. मधलें अंतर प्रथम एका दिवसाचें, मग दोहोंचें, मग तिहींचें असावें. अशा क्रमानें गेलेले दोष परत येत नाहींत व आलेले गुण ढळत नाहींत, हें त्याचें फळ. तिसरी गोष्ट मदात्ययाच्या अध्यायांतच आहे. मन क्षुब्ध झाल्यावांचून मद्याचा विकार होत नाहीं, म्हणून मनास हर्ष देणाऱ्या क्रिया योजाव्या असें सांगून रमणीय वनें, कमळांनीं भरलेले जलाशय, गीत व सुहृदांची संगत यांचा निर्देश केला आहे. यावरून चरकाचे काळीं व्यसनमुक्तीचीं गृहें होतीं असें म्हणण्याचा मोह कोणास होईल, तो आवरावा. तेथील रोगी संपन्न घरचा दिसतो, वैद्य त्याच्या घरीं येतो आणि मोजून मद्य पाजणें हाही उपचाराचाच भाग आहे. तात्पर्य एवढेंच कीं, शरीर, संवय व संगत या तिहींकडे एकदम पाहिलें पाहिजे हें आपल्या वैद्यकास ठाऊक होतें.

धर्मशास्त्राचा मार्ग वेगळा. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत सुरापान महापातकांत गणलें असून त्याचें एक प्रायश्चित्त प्राणान्तिक आहे. दुसरें वर्षभराचें : रात्रीं एकवार कण्या अथवा पेंड खावी, केसांचें वस्त्र नेसावें, जटा वाढवाव्या व सुरेची खूण असलेला ध्वज बाळगावा. वर्षाची मुदत व उघड खूण हीं दोन अंगें ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत. पण वर्ष सरल्यावर त्या मनुष्याचें काय होतें, याविषयीं स्मृति बोलत नाहीं. पेशवाईंतील निषेधाचे हुकूम वाडांनीं निवडलेल्या रोजनिश्यांत पाहावयास मिळतात व न्यायमूर्ति रानड्यांनीं आपल्या प्रस्तावनेंत त्यांचा परामर्श घेतला आहे. त्यांत गाळणारा आहे, विकणारा आहे, दंड आहे, सवलत दिलेले वर्गही आहेत. सोडणारा मात्र कोठें नाहीं.

आतां हरसूल. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर, त्र्यंबकाच्या पलीकडे, जव्हार-मोखाड्याच्या बाजूस उतरत जाणारा हा डोंगरी मुलूख. वस्ती मुख्यतः महादेव कोळी, कोकणा व वारली यांची. हा भाग पूर्वींच्या पेठ संस्थानांतला. १८५७ च्या डिसेंबरांत त्र्यंबक व पेठ या बाजूंस बंड उसळलें, त्यांत हरसूलचा बाजार लुटला गेला व पुढें पेठच्या भगवंतरावांस फांशी झाली, एवढ्यापुरतें या गांवाचें नांव इतिहासाच्या ग्रंथांत येतें. आमच्या विषयास त्याहून महत्त्वाचें वर्ष १८७८ चें. त्या वर्षीं पेठच्या नूरजहान बेगमेच्या मृत्यूनंतर संस्थान खालसा झालें, आणि त्याच वर्षीं मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. दोहोंचा एकमेकांशीं संबंध नाहीं. पण डोंगरांतल्या कुळाच्या दृष्टीनें दोन्ही एकदमच दाराशीं आलीं.

तोंपर्यंत मोहाचीं फुलें चैत्राच्या सुमारास वेंचावीं, वाळवावीं, भिजत घालावीं व मडक्यांत गाळावीं हा घरगुती व्यवहार होता. जन्म, लग्न, मरण, देवाचें काम, यांत दारूवांचून चालत नसे; तिचा पहिला थेंब जमिनीवर सांडून मग माणसें पीत. कायद्यानें परवान्यावांचून गाळणें हा गुन्हा ठरला, मक्ते आले, दुकानें आलीं. शेजारच्या ठाणें जिल्ह्यास व कुलाब्यास तर १८९२ चा मोहाच्या फुलांविषयींचा स्वतंत्र कायदा लागू झाला व झाडाखालचें फूल घरांत किती ठेवावें यावरही सरकारची नजर बसली. जें वर्षांतून ठरल्या प्रसंगीं समुदायांत बसून प्यावयाचें तें बाजाराच्या दिवशीं रोकडीनें, पुष्कळदां उधारीनें, एकट्यानें पिण्याचें झालें. रूढीला आपलें माप असतें, दुकानाला नसतें. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें दुकान मिटलें असें कागदोपत्रीं दिसलें, तरी काळा गूळ व नवसागर यांच्या भट्ट्या ओढ्याकांठीं पेटूं लागल्या. त्या पेयास मोहाच्या दारूचें नांव देणें हा मोहाचा अपमान आहे, असें एका म्हाताऱ्या कोकण्यानें आम्हांस ऐकविलें होतें, तें आम्हांस पटतें.

यानंतर एका विलक्षण घटनेकडे वळतों. १९२२ सालीं पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांत देवीच्या संचाराचा एक प्रकार सुरू झाला. तो घांट चढून सुरगाणें व डांगाकडे गेला, तेथून खानदेशांत व सुरत जिल्ह्यांत पसरला. नकाशा पुढें ठेविला तर किनारा व सुरगाणें यांच्यामध्यें जव्हार, हरसूल, पेठ हाच टापू येतो. ही देवी सलाबाई या नांवानें ओळखली जाई. अंगांत आलेल्यांच्या मुखानें ती आज्ञा करी : दारू-ताडी सोडा, मांसमच्छी सोडा, रोज स्नान करा, घर स्वच्छ ठेवा, दारूच्या दुकानदाराची चाकरी करूं नका. हजारों लोक एकत्र बसत आणि एका बैठकींत गांवेंच्या गांवें दारू टाकीत. कोणी सुधारक तेथें गेला नव्हता. पुढारी मागाहून आले. डेव्हिड हार्डिमन यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या चळवळीचा साद्यन्त शोध घेतला असून सरकारी कागदांबरोबर वृद्धांच्या तोंडच्या हकीकतींस त्यांत प्रमाण मानलें आहे. आमच्यापैकीं कागदावांचून पाऊल न टाकणारांनीं तो ग्रंथ अवश्य पाहावा.

परंतु खरा इतिहास देवी गेल्यावर सुरू होतो. संचार ओसरला, दुकानदारांनीं दर उतरविले, आणि वर्षादोन वर्षांत पुष्कळांनीं पुन्हां पेला उचलला. सुरत जिल्ह्यांतील चौधऱ्यांत तर दोन तटच पडले : वर्जिलेलें पाळणारे ते वर्जेला, पुन्हां पूर्वींच्या रीतीस लागलेले ते सरजेला. देवीची आज्ञा दोघांनींही सारख्याच भक्तीनें ऐकिली होती. मग एकजण कां टिकला व दुसरा कां नाहीं? या प्रश्नास हार्डिमन यांचा ग्रंथ अनेक अंगांनीं भिडतो. आमच्या मतें त्यांतील एक धागा ठळक आहे. जे टिकले त्यांतल्या पुष्कळांना पुढें बसावयास जागा मिळाली : भजन, चरखा, शाळा, आणि वेडछी येथील जुगतराम दवे यांच्या आश्रमासारखें ठिकाण. ज्यांच्या वाट्यास केवळ ती एक भारलेली रात्र आली, त्यांची ती रात्र होळीच्या चांदण्यासारखी सरली.

आमच्या बाजूस अशी जागा कोणती होती? त्र्यंबकास निवृत्तिनाथांची समाधि आहे व पौष वद्य एकादशीस तेथें यात्रा भरते. हरसूलकडच्या पाड्यांतून गळ्यांत तुळशीची माळ घातलेलीं माणसें त्या यात्रेस पायीं जातांना आम्हीं पाहिलीं आहेत. माळ घालणें म्हणजे मद्यमांसाचा त्याग, हें सर्वांस ठाऊक आहे. पण तिच्या मागची व्यवस्था आपण कधीं नीट न्याहाळीत नाहीं. माळकऱ्यास दर पंधरा दिवसांनीं एकादशी येते. त्या रात्रीं भजनाला तो आला नाहीं तर टाळकरी विचारतो. वर्षाला वारी येते, तींत शेजारच्या गांवचे माळकरी भेटतात. गळ्यांतली माळ उघडी असल्यामुळें बाजारांत कोणी पेला पुढें करीत नाहीं, व केलाच तर तो घेणें चारचौघांत कठीण जातें. स्मृतीच्या ध्वजांत अपमान होता. माळेंत मान आहे. काम मात्र दोहोंचें एकच, म्हणजे खूण उघडी ठेवणें. भक्तीस औषध म्हणून मोजणें वारकऱ्यांस रुचणार नाहीं. आम्हीं येथें केवळ तिच्या ऐहिक फळाकडे पाहिलें आहे.

अलीकडच्या काळांत या ज्ञानास संस्थारूप आलें. १९३५ सालीं अमेरिकेंतील अ‍ॅक्रन या गांवीं बिल विल्सन व डॉक्टर बॉब स्मिथ या दोन मद्यासक्तांनीं एकमेकांशीं बोलत राहून मद्य टाळतां येतें हें अनुभवलें व त्यांतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही निनावी मंडळी उभी राहिली. मुंबईस वांद्र्याला फादर जो परेरा यांनीं १९८१ सालीं कृपा फाउंडेशन स्थापिलें. मराठी समाजास अधिक परिचित संस्था म्हणजे पुण्याचें मुक्तांगण. डॉक्टर अनिल अवचट यांनीं गर्दच्या विळख्यांत सांपडलेल्या तरुणांविषयीं लिहिलें. तें वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनीं द्रव्यसाहाय्य देऊं केलें. आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत २९ ऑगस्ट १९८६ रोजीं हें केंद्र उघडलें. त्याची घडी बसविली ती मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर अनिता अवचट यांनीं. त्या १९९७ सालीं निवर्तल्या व अनिल अवचट २०२२ सालीं. काम पुढें चालू राहिलें. आरंभीं गर्दुल्ल्यांसाठीं म्हणून निघालेल्या या घरांत पुढें मद्यपींचीच संख्या वाढली.

तेथील क्रम पाहतां जुन्या ग्रंथांतील तिन्ही अंगें एकत्र आलेलीं दिसतात. मद्य अकस्मात् तुटलें कीं हात कांपतात, झोप उडते, भास होतात, क्वचित् आंकडीही येते. म्हणून पहिले दिवस वैद्याच्या देखरेखीचे. मग दिवसाचें वेळापत्रक : योग, स्वतःचें काम स्वतः करणें, समूहांत बसून बोलणें, समुपदेशन, गाणें. निवासाचा काळ पस्तीस दिवसांचा रूढ झाला. शुश्रूषा करणारांत पुष्कळजण पूर्वीं तेथेंच रोगी म्हणून आलेले. पत्नींसाठीं सहचरी नांवाची मंडळी, कारण घर बदललें नाहीं तर रोगी परत त्याच उंबऱ्यावर येऊन अडखळतो. आणि सर्वांत महत्त्वाचें, पस्तीस दिवस सरल्यावर ठराविक दिवशीं पुन्हां येण्याची वहिवाट. मद्य सोडल्यास वर्ष झालें म्हणजे त्या मनुष्याचा तो वाढदिवस मानितात. त्याच्या जन्मपत्रिकेंत ही तिथि नसते. गडचिरोलीकडे १९९३ पासून दारूबंदी अमलांत आहे व २०१६ मध्यें सुरू झालेल्या मुक्तिपथ या उपक्रमानें खेड्यांतच उपचारशिबिरें भरविलीं, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. कारण डोंगरांतल्या मजुरास पांच आठवडे शहरांत राहणें म्हणजे पांच आठवड्यांची मजुरी बुडणें होय.

आतां खाजगी कारण. आम्ही येथील शाळेंत असतां एक विद्यार्थी आमच्याकडे मोडी शिकला. त्याचा हात इतका बसला कीं पुढें आमच्या संग्रहांतील कित्येक कागदांचीं लिप्यंतरें त्यानेंच केलीं. संसार मांडल्यावर तो दारूच्या आहारीं गेला. आम्हीं चार स्नेह्यांकडून पैसे जमवून त्यास दूरच्या एका केंद्रांत ठेविलें. तो बरा होऊन आला, तोंडावर तेज होतें. आम्हीं त्याला शाबासकी दिली, मोडी कागदांचें एक गांठोडें नकला करण्यासाठीं हातीं दिलें आणि प्रकरण मिटलें असें समजलों. पुन्हां केंद्रांत भेटीस जाण्याच्या तारखा त्याच्या कार्डावर लिहिलेल्या होत्या. एकदां त्यानें गाडीभाड्याचा विषय काढला, तेव्हां, आतां बरा आहेस, कशाला जातोस, असें आम्हींच म्हटलें. शिमग्यांत तो पुन्हां प्याला. गांठोडें रद्दींत गेलें. त्यांत एका पाटील घराण्याचे वतनाचे कागद होते, ते आतां जगांत कोठें नाहींत. आम्हीं त्यास दार बंद केलें, तें चौदा महिने. चरकाचा चोविसावा अध्याय, यादवजी त्रिकमजी आचार्यांनीं संपादिलेल्या निर्णयसागरच्या १९४१ च्या प्रतींत, त्या चौदाही महिने आमच्या मेजावर होता. पण आम्ही वागलों ते मनुस्मृतीप्रमाणें, आणि तिनेंही वर्षाची मुदत दिली होती.

तो दुसऱ्यांदां गेला तो आपल्या पायांनीं. पैसे त्याच्या बायकोनें मजुरी करून दिले. परत आल्यावर त्यानें आम्हांस विचारलें नाहीं. आपल्यासारखीच चार माणसें त्यानें शोधलीं व बाजाराच्या दिवशीं, दारूचा मोह सर्वांत अनावर त्या दुपारीं, एका पडवींत तीं बसूं लागलीं. कोणी व्याख्यान देत नाहीं. मागच्या बाजारापासून आजपर्यंत काय झालें तें प्रत्येकानें सांगावयाचें, मग चहा. जो आला नाहीं त्याच्या पाड्यावर संध्याकाळीं दोघांनीं जावयाचें. प्याला असेल तरीही जावयाचें, हा त्यांचा नियम आहे. आजमितीस अकराजण आहेत. मधल्या काळांत तिघे सुटले, त्यांतला एक परत आला.

यांतले सर्व आम्हांस समजलें तें एका वहीवरून. गेल्या पावसाळ्यांत तो ती घेऊन आला व असले कागद आपल्या संग्रहांत चालतात काय, असें त्यानें दारांतच उभें राहून विचारलें. आम्हीं त्यास आंत बसविलें. वही शाळकरी, रेघांची. मजकूर सगळा मोडींत. मोडी कां, म्हणून विचारतां तो म्हणाला, "गुरुजी, नांवं आहेत त्यांत. दुसऱ्या कोणाला वाचतां यायला नकोत." प्रत्येक बैठकीची तारीख, हजर असलेल्यांचीं नांवें, गैरहजर असलेल्याकडे कोण गेलें व तो कोणत्या स्थितींत आढळला, एवढ्याच नोंदी. विशेषणें नाहींत. एके ठिकाणीं लेखकानें स्वतःचेंच नांव गैरहजरांत लिहून पुढें, दोघे आले, बसले, रात्रीं गेले, असें नोंदविलें आहे. त्याचा मोडी र अजून पहिल्यासारखाच डावीकडे झुकतो.

वही आम्हीं ठेवून घेतली नाहीं, कारण ती अद्याप चालू आहे. भरल्यावर ती संग्रहास देण्याचें त्यानें कबूल केलें आहे. तींतील नांवें अर्थातच प्रसिद्ध व्हावयाचीं नाहींत. परंतु अशा वह्या अन्यत्रही असतील. भजनी मंडळ्यांच्या हजेरीच्या याद्या, माळ घेतलेल्यांच्या टिपणें, १९२२ च्या देवीच्या आज्ञांचीं हस्तलिखितें अथवा छापील पत्रकें, मद्यत्यागाबद्दल जातपंचायतीनें केलेले ठराव, हे कागद वतनाच्या कागदांइतके जुने नसल्यामुळें संग्राहक ते बाजूस टाकितात व घरचीं माणसें लाजेनें जाळितात. पेठ, सुरगाणें, जव्हार, मोखाडा, डांग व बागलाण या बाजूंचे असले कागद ज्यांच्या पाहण्यांत असतील, त्यांनीं निदान त्यांची यादी मंडळाकडे धाडावी. मोडी वाचण्याची अडचण असल्यास बाजाराचा दिवस टाळून हरसुलास यावें. वाचणारा येथें आहे.